शिकवून पाठ फिरवायची नाही : आरोग्यसेवेतलं मनुष्यबळ आणि व्यवसायशिक्षण

(बाईंच्या स्मरणार्थ दर वर्षी होणाऱ्या व्याख्यानमालेतील समारोपाच्या व्याख्यानाचा मजकूर)



मला नर्सिंग शिकवणाऱ्या बाईंच्या नावाच्या व्याख्यानमालेत बोलायचं आहे असा निरोप आला, तेव्हा मला सगळ्यात आधी त्यांचं घड्याळ आठवलं. एचएमटीचं, मोठ्या तबकडीचं, पुरुषी पट्ट्याचं. सेकंदकाटा ठळक दिसतो म्हणून त्या तेच वापरायच्या. मी एएनएमच्या, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेच्या अभ्यासक्रमाच्या, पहिल्या वर्षाला होते. जिल्हा रुग्णालयाच्या बाळंतपणाच्या वॉर्डात बाईंनी ते घड्याळ मनगटावरून काढलं, माझ्या हातात ठेवलं आणि दोन दिवसांच्या एका बाळापाशी मला उभं केलं. म्हणाल्या, "श्वास मोज."

मी अर्धं मिनिट मोजले, दुप्पट केले आणि सांगितलं, "अठ्ठेचाळीस." बाई म्हणाल्या, "पूर्ण मिनिट मोज." पूर्ण मिनिटात बासष्ट भरले. मी गोंधळले. बाईंनी बाळाच्या अंगावरचं दुपटं अलगद बाजूला केलं आणि माझी नजर पोटाकडे वळवली. "नवजात बाळ एका लयीत श्वास घेत नाही. मध्येच थांबतं, मध्येच भरभर घेतं. म्हणून त्याला मिनिटाचा हिशोब अर्ध्यावर करायचा नाही. आणि साठाच्या वर गेलं की परत मोजायचं." मी परत मोजले. त्रेसष्ट. बाईंनी डॉक्टरांना बोलावून घेतलं. बाळाला जंतुसंसर्ग सुरू होत होता. वेळेवर उपचार झाले आणि ते आईबरोबर घरी गेलं.

साठाचा आकडा माझ्या पुस्तकात होता. मी तो पाठही केला होता. पण मला तो आला त्या दिवशी, कारण बाई शेजारी उभ्या होत्या. आणि आठ दिवसांनी त्यांनी मला दुसऱ्या बाळापाशी उभं करून पुन्हा मोजायला लावलं. आज मला एवढंच सांगायचं आहे. आरोग्यसेवेत माणसं कमी आहेत, ती व्यवसायशिक्षणातून उभी राहू शकतात, याच महाराष्ट्रात ती उभी राहिली आहेत. मात्र जिथं शिकवणारा शेजारी उभा राहिला आणि शिकवून झाल्यावरही परत परत येत राहिला, तिथंच ती उभी राहिली. जिथं प्रमाणपत्र हातात देऊन आपण पाठ फिरवली, तिथं पैसा गेला, माणूसही गेला.

तुटवडा दिसतो कुठे?

२०३० पर्यंत जगात सुमारे एक कोटी आरोग्य कर्मचारी कमी पडतील, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आकडा मोठा आहे, म्हणून तो अंगाला लागत नाही. मी तुम्हाला तो जवळून दाखवते.

प्राथमिक आरोग्य केंद्राची नवी इमारत आहे. फरशी चकचकीत, प्रयोगशाळेच्या दारावर पाटी. आत मायक्रोस्कोप आहे, त्यावर प्लॅस्टिकचं आवरण आहे आणि त्या आवरणावर धूळ आहे. तंत्रज्ञाची जागा रिकामी. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन तपासायला तिला तालुक्याला पाठवतात. तालुक्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, म्हणून ती जात नाही. नवव्या महिन्यात पांढरीफटक होऊन येते, तेव्हा सगळे विचारतात, "आधी का नाही आलीस?"

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत, हे सगळ्या देशाने पाहिलं. खाटा वाढवता आल्या. मंगल कार्यालयांत, शाळांत, मैदानांत खाटा टाकल्या. व्हेंटिलेटरची खोकी आली. पण व्हेंटिलेटर लावून, त्याचे आकडे वाचून, रात्री तीन वाजता त्याचा अलार्म कशामुळे वाजतोय हे कळणारी माणसं खोक्यातून येत नाहीत. ती तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागतात आणि ती वर्षं आधी मोजावी लागतात.

आपल्याकडे तुटवडा म्हटलं की डॉक्टर डोळ्यांसमोर येतो. नवी वैद्यकीय महाविद्यालयं, वाढीव जागा यांच्या बातम्या होतात. त्या व्हायलाच हव्यात. पण एका ऑपरेशनसाठी भूल देणारा आणि शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर लागतो, तसा ओटी तंत्रज्ञ लागतो, निर्जंतुकीकरण करणारा माणूस लागतो, रक्तपेढीचा तंत्रज्ञ लागतो, एक्स-रे काढणारा लागतो, रात्रभर जागणारी सिस्टर लागते आणि पेशंटला कुशीवर वळवणारी मावशी लागते. यातला एक जरी गैरहजर असला तरी सर्जन हात बांधून बसतो.

बाया कर्वे, सेवासदन आणि पहिलं पाऊल

ही गरज आजची नाही, आणि तिचं उत्तर शोधणारी माणसंही आपल्याकडे आज जन्मलेली नाहीत.

महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे सगळ्यांच्या बाया कर्वे. १८९३ साली त्यांचा पुनर्विवाह झाला आणि समाजाने काय वागणूक दिली, हे आपण वाचलेलं असतं. त्या नागपूरला जाऊन सुईणपणाचं रीतसर शिक्षण घेऊन आल्या, हे मात्र फारसं बोललं जात नाही. 'माझे पुराण' हे त्यांचं आत्मचरित्र माझ्या विद्यार्थिनींना मी वाचायला लावायचे. ज्या काळात बाळंतपण म्हणजे अंधारी खोली आणि विटाळ, त्या काळात एका बाईने ते शिकण्याची विद्या मानलं. ही लहान गोष्ट नव्हे.

१९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झालं. विधवा आणि आधार तुटलेल्या तरुण स्त्रिया तिथून ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. 'चांगल्या घरची' बाई परपुरुषाची शुश्रूषा करते, यावर तेव्हा केवढी टीका झाली असेल, याची कल्पना करा. सेवासदनाने मुलींना नुसतं वर्गात पाठवलं नाही. त्यांच्या राहण्याची सोय केली, त्यांच्यामागे संस्था उभी केली. रमाबाईंना कळलं होतं की शिकणाऱ्या बाईच्या पाठीशी कोणीतरी उभं असावं लागतं, नाहीतर शिक्षण अर्ध्यावर गळून पडतं. आज शंभरहून अधिक वर्षांनी ग्रामीण भागातल्या मुली एएनएम, जीएनएम हे नर्सिंगचे अभ्यासक्रम अर्ध्यावर का सोडतात, याची कारणं मी विचारते तेव्हा उत्तरं तीच येतात. राहायची सोय नाही, फी भरायला पैसे नाहीत, घरचे लग्नाची घाई करतात.

भोर समिती आणि एक बंद झालेलं दार

१९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला. आपली प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना त्यातूनच आली. तेव्हा सुमारे ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर होता आणि ४३,००० माणसांमागे एक नर्स. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. डॉक्टरांपेक्षा नर्सेस कितीतरी कमी! सगळ्या जगात रुग्णसेवेचा पाया परिचारिकांचा असतो. आपल्याकडे इमारत कळसापासून बांधायला घेतली होती.

त्याच अहवालात आणखी एक निर्णय होता. त्या वेळी नोंद असलेल्या सुमारे ४७,५०० डॉक्टरांपैकी जवळजवळ ३०,००० लायसेन्शिएट होते. म्हणजे पदवी न घेता, वैद्यकीय शाळेतून पदविका घेऊन गावोगावी काम करणारे. पुण्याचं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय १८७८ साली सुरू झालं ते अशीच शाळा म्हणून, आणि त्याचं महाविद्यालय झालं १९४६ साली. भोर समितीने ठरवलं की यापुढे एकच दर्जा, पदवीधर डॉक्टर. समितीतल्या काही सदस्यांनी वेगळं मत नोंदवलं होतं, की देशाची गरज एवढी मोठी असताना हा मार्ग बंद करू नये.

दर्जाचा आग्रह चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. गरिबाला कमी शिकलेला डॉक्टर का चालावा, हा प्रश्न खराच आहे. पण त्या निर्णयानंतर मधली शिडी गेली. खाली गावातला माणूस, वर एमबीबीएस, आणि मधल्या जागेत कोण उभं राहणार, याचा विचार पुढची अनेक वर्षं तुटकतुटक होत राहिला. त्या मोकळ्या जागेत कोण शिरलं, ते गावाकडच्या प्रत्येकाला माहीत आहे. काहीही न शिकता सुई टोचणारे शिरले.

तीन प्रयोग

१९७७ सालच्या गांधीजयंतीला देशात समुदाय आरोग्य रक्षक योजना सुरू झाली. गावाने माणूस निवडायचा, तीन महिने प्रशिक्षण, हातात औषधांची पेटी, महिन्याला पन्नास रुपये. कल्पना उत्तम होती. पण निवड बहुतेक ठिकाणी गावच्या पुढाऱ्यांच्या हातात गेली आणि पुरुषांचीच भरती झाली. बाळंतिणीच्या खोलीत ते जाणार कसे? आणि तीन महिने संपल्यावर त्यांना विचारायला कोणी गेलं नाही. औषधं वेळेवर येईनात, शंका कोणाला विचारायची ते कळेना. हळूहळू योजना विरून गेली. दोष माणसांचा नव्हता. त्यांना एकदा शिकवून सोडून दिलं होतं.

आता दुसरा प्रयोग. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातला दुष्काळी टापू. सुरुवातीला त्यांनीही शिकलेल्या नर्सेस गावांत राहायला पाठवल्या. त्या तिथं रुजल्या नाहीत. परगावची तरुण मुलगी, गावाला तिच्यावर विश्वास नाही, तिला गावाची भीती. मग गावकऱ्यांनीच मार्ग काढला, की आमच्यातलीच बाई शिकवा. ज्या स्त्रिया निवडल्या गेल्या, त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, कितीतरी दलित. त्यांना तीन महिने एका दमात शिकवून सोडलं नाही. त्या नियमाने जामखेडला येत राहिल्या. आठवडाभरात गावात काय घडलं ते सांगायच्या, अडलं ते विचारायच्या, एखादी नवी गोष्ट शिकून परत जायच्या. वर्षानुवर्षं. मूल का वाळतं, जुलाबाच्या बाळाला काय पाजायचं, गरोदर बाईच्या पायावरची सूज केव्हा घाबरण्यासारखी असते, हे ज्ञान असं थेंबाथेंबाने गावात झिरपलं आणि बालमृत्यू झपाट्याने उतरले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला मात्र त्या पुरस्काराइतकंच मोठं वाटतं ते हे, की त्यांच्या आरोग्य सेविका पुढे शहरांतून, परदेशांतून आलेल्या डॉक्टरांना शिकवू लागल्या.

तिसरा प्रयोग गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथं 'सर्च' ही संस्था सुरू केली. लहान मुलांचे न्यूमोनियाने मृत्यू होत होते. न्यूमोनिया ओळखायचा तर श्वास मोजायचे, आणि गावातल्या सुईणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. आपण काय केलं असतं? 'आधी साक्षर करा' म्हटलं असतं. बंग दांपत्याने मण्यांचं एक साधं यंत्र तयार केलं. वाळूचं घड्याळ उलटं करायचं, दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा. मिनिटाची वाळू पडून जाण्याआधी शेवटचा मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनिया. दहापर्यंत तर कोणालाही मोजता येतं! बाईंनी माझ्या हातात घड्याळ दिलं होतं. तिथल्या सुईणींच्या हातात मणी दिले. गोष्ट तीच. शिकणाऱ्याला जे येतं, त्याच्यापासून शिकवायला सुरुवात करायची.

पुढे त्यांनी काही वर्ग शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळंतपणाच्या वेळी हजर राहणं, न रडणाऱ्या बाळाचा श्वास सुरू करणं, वजन, ताप, श्वास पाहणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं, हे सगळं त्या घरोघरी जाऊन करू लागल्या. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शेजारच्या तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. गावातली बाई नवजात बाळाला इंजेक्शन देणार म्हटल्यावर कितीजणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील! पण प्रत्येक आरोग्यदूतामागे तपासणारं माणूस होतं. तिच्या नोंदी वाचल्या जात होत्या, चुकलं तर तिथल्या तिथं दुरुस्त केलं जात होतं. २०११पासून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं हे काम देशभरातल्या आशाताई, म्हणजे गावातल्याच आशा स्वयंसेविका, करू लागल्या.

या तीन प्रयोगांत माणसं साधारण सारखीच होती. गावचीच, कमी शिकलेली, गरीब. फरक पडला तो शिकवणाऱ्यांमुळे. दोन ठिकाणी शिकवणारे परत परत येत राहिले.

घाईचे अभ्यासक्रम

१८ जून २०२१ रोजी देशात कोविड योद्ध्यांसाठी अल्पमुदतीचे अभ्यासक्रम सुरू झाले. घरी रुग्ण सांभाळणं, नमुने घेणं, तातडीची मदत, वैद्यकीय उपकरणं हाताळणं अशी सहा कामं, एक लाखांहून अधिक तरुणांना शिकवण्याचं उद्दिष्ट. संकटात असं काहीतरी करायलाच हवं होतं. आमच्या नर्सिंगच्या शाळेतूनही आम्ही शिकवलं. कामधंदा गेलेली मुलं आली होती. हॉटेलात काम करणारा एक मुलगा होता. पेशंटला अन्न भरवायला त्याच्याइतकं हळुवार कोणाला जमायचं नाही. लाट ओसरली आणि काही महिन्यांत तो परत हॉटेलात गेला. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "बाई, सर्टिफिकेट दाखवलं तर म्हणतात, हे कसलं? वॉर्डबॉयच्या पगारावर या." त्याचं शिक्षण वाया गेलं आणि आपला एक चांगला माणूस गेला.

याहून वाईट प्रकार मी पाहिला आहे. मी एका खासगी नर्सिंग स्कूलमध्ये परीक्षक म्हणून गेले होते. मुलींच्या केसबुकात चाळीस-चाळीस प्रसूतींच्या नोंदी होत्या, सुंदर अक्षरात, लाल-निळ्या शाईने. मी एका मुलीला पुतळ्यावर बाळाचं डोकं कसं सांभाळायचं ते दाखवायला सांगितलं. तिचे हात थरथरू लागले आणि ती रडायलाच लागली. म्हणाली, "मॅडम, मी एकही डिलिव्हरी पाहिलेली नाही." त्या शाळेशी जोडलेल्या रुग्णालयात पेशंटच नव्हते. मी तिला नापास केलं. आजही मला ते टोचतं, कारण तिने फी भरली होती, तीन वर्षं दिली होती आणि फसवणूक तिचीच झाली होती. अशा मुलीच्या हातात बाळंतीण सोपवली तर तुटवडा भरून निघाला असं कागदावर दिसेल. प्रत्यक्षात आपण तो तुटवडा नजरेआड केलेला असेल.

म्हणून तुटवडा मोजताना मी आधी विचारते, शिकवणारे किती? नर्सिंग ट्यूटरची जागा निवृत्तीनंतर किती काळ रिकामी राहते? वॉर्डातली सिस्टर एका पाळीत पन्नास पेशंट सांभाळत असेल तर तिच्या मागे फिरणाऱ्या दहा विद्यार्थिनींना ती काय शिकवणार? त्या मुली तिच्यासाठी फुकटचे हात होतात. सलाईन बदल, चादर बदल, रिपोर्ट आण. तीन वर्षं अशी जातात.

याउलट जर्मनीत तीन वर्षांच्या परिचर्या प्रशिक्षणात २,१०० तास वर्गात आणि २,५०० तास प्रत्यक्ष रुग्णसेवेत जातात, आणि त्या काळात शिकणाऱ्याला मानधन मिळतं. प्रत्यक्ष कामात मार्गदर्शन करणारा माणूस ठरलेला असतो. २०२४च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने तिथल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी दहा हजार कुशल तरुण पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. आपल्या मुली जर्मन शिकून तिकडे जातात, त्यांचं मला कौतुकच आहे. पण मनात येतं, ज्या पद्धतीने शिकायला त्या एवढ्या लांब जातात, ती पद्धत आपल्या उपजिल्हा रुग्णालयात का नसावी?

ब्यूरोच्या मावशी

एका वर्गाबद्दल आवर्जून बोलायचं आहे, कारण त्यांची नोंद कुठल्याच अहवालात नीट होत नाही. पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात घरोघरी म्हातारी माणसं आहेत. मुलं परदेशी, नाहीतर दिवसभर नोकरीवर. मग ब्यूरोला, म्हणजे घरी काळजी घेणाऱ्या बाया पुरवणाऱ्या संस्थेला, फोन करतात. बारा तासांची मावशी येते, चोवीस तासांची मावशी येते. अर्धांगाचा झटका आलेल्या आजोबांना ती उचलते, लघवीची नळी सांभाळते, नाकातल्या नळीतून अन्न देते, इन्सुलिन टोचते. तिला हे कोणी शिकवलं? बहुतेक वेळा दुसऱ्या मावशीने, घाईघाईत, जिन्यात उभ्याउभ्या.

माझ्या सासूबाईंसाठी अशीच एक मावशी यायची. मराठवाड्यातून पुण्यात आलेली, नवरा गेलेला. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी ती कूस बदलायची, पण पाठीला स्पिरिट चोळायची. मी तिला दाखवलं, की स्पिरिटने कातडी कोरडी पडते, टाच अधांतरी राहील अशी पोटरीखाली उशी ठेवायची, लालसर जागा बोटाने दाबून पाहायची. दाबल्यावरही लाली गेली नाही तर जखमेची सुरुवात. तिने ते एकदाच पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मलाच विचारलं, "ताई, माकडहाडापाशी दाबून बघितलं, लाली जात नाही. गादी बदलायची का?" बारा वर्षं ती हे काम करत होती आणि बारा वर्षांत कोणीही तिला पाच मिनिटं दिली नव्हती.

आपल्याकडे अकरावी-बारावीच्या व्यवसाय अभ्यासक्रमांत बाल, वृद्ध व आरोग्य सेवा हा विषय कितीतरी वर्षं शिकवला गेला. म्हणजे गरज आधीच ओळखली होती. पण शाळा सोडून दशकं उलटलेल्या या मावशी कॉलेजात कशा येणार? त्यांच्यासाठी शनिवारी दुपारी, त्यांच्या वस्तीजवळ, त्यांना जे येतं त्याला किंमत देऊन पुढचं शिकवणारी सोय हवी. आणि त्यानंतर त्यांचा दर वाढला पाहिजे. नाहीतर त्या का येतील? एक शनिवार म्हणजे त्यांचा अर्ध्या दिवसाचा रोजगार.

मजुरी आणि शिडी

आता पैशाचं बोलते, कारण सेवेच्या क्षेत्रात पैशाचं बोललं की लोक ओशाळतात. 'सिस्टर म्हणजे त्यागमूर्ती' असं भाषणात म्हणायचं आणि पगार आठ-दहा हजार द्यायचा, हे मी आयुष्यभर पाहिलं. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने सांगितलं होतं, की अगदी पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत. तुमच्या गावातल्या छोट्या दवाखान्यातल्या सिस्टरला जाऊन विचारा, किती मिळतात. आशाताईंना २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने गौरवलं. पण त्यांच्या कामाला अजून पगार म्हणत नाहीत, मोबदला म्हणतात. मानाने पोट भरत नाही हे त्यांना मोर्चे काढून सांगावं लागतं.

आणि शिडी. मी एएनएम झाले. उपकेंद्रात आठ वर्षं काढली. मग जीएनएम केलं, मग पोस्ट बेसिक बीएस्सी केलं आणि शेवटी बाई ज्या खुर्चीवर बसायच्या त्याच खुर्चीवर ट्यूटर म्हणून बसले. प्रत्येक पायरीवर मला रजा मिळवायला भांडावं लागलं, पण पायरी होती. आज किती जणींना ती दिसते? आशाताईला एएनएम होता येईल का? ब्यूरोच्या मावशीला उद्या रुग्णसहायक म्हणून रीतसर नोंद करता येईल का? प्रयोगशाळेत पाच वर्षं काम केलेल्या मुलाचा अनुभव पदविकेला धरला जाईल का? २०२१ साली संसदेने सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. तंत्रज्ञांना नोंदणी, ओळख, अभ्यासक्रमाचा एक दर्जा मिळावा हा त्याचा हेतू. तो प्रत्यक्षात उतरला तर या शिडीचे दांडे घट्ट बसतील. ज्या कामात पुढे जाता येत नाही त्या कामात हुशार मूल थांबत नाही. त्याला दोष देऊन उपयोग नाही.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. शिकवणाऱ्यांच्या जागा आधी भरा, इमारती मागाहून. शिकणाऱ्याला शिकताना मानधन द्या, म्हणजे गरीब घरची मुलगी अर्ध्यावर जाणार नाही. प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात महिन्यातून एक दिवस असा ठेवा, की त्या भागातल्या सगळ्या एएनएम, आशाताई, तंत्रज्ञ, मावशी तिथं येतील, अडलेलं विचारतील, हाताने करून पाहतील. त्या दिवसाची मजुरी त्यांना मिळेल. आणि शिकलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद पुढच्या पायरीवर धरली जाईल. यातलं काहीच नवीन नाही. जामखेडने हे पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवलं आहे.

बाईंची वही

शेवटी पुन्हा बाईंकडे येते. त्यांच्या पर्समध्ये एक लांबट वही असायची, किराणा दुकानात उधारी लिहितात तशी. त्यात पास होऊन गेलेल्या मुलींची नावं आणि समोर उपकेंद्राचं गाव. रविवारी त्या एसटीने एखाद्या गावाला जायच्या. न कळवता. माझ्या उपकेंद्रावर त्या आल्या तेव्हा मी ऑटोक्लेव्हची शिट्टी मोजत होते. त्यांनी डबा उघडायला लावला, आतली कात्री उजेडात धरली, बिजागरीला चिकटलेला एक बारीक डाग दाखवला. ओरडल्या नाहीत. दोघींनी मिळून ती कात्री उघडून ब्रशने घासली. मग माझ्या हातची भाकरी खाल्ली आणि शेवटच्या गाडीने परत गेल्या. जाताना वहीत माझ्या नावापुढे तारीख लिहिली.

बाई गेल्यावर ती वही त्यांच्या घरच्यांनी माझ्याकडे दिली. मी मागची पानं चाळली. एकेका नावापुढे चार-चार, पाच-पाच तारखा आहेत. माझ्यापुढे सात आहेत. त्या वहीत पुष्कळ कोरी पानं उरली होती. निवृत्तीनंतर मी त्यात माझ्या विद्यार्थिनींची नावं लिहायला घेतली.

या सभागृहात निवृत्त सिस्टर्स बऱ्याच बसल्या आहेत, मला दिसताहेत. तुमच्या हातात तीस-तीस वर्षांचं शिक्षण आहे. महिन्यातला एक रविवार तुमच्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या उपकेंद्रावर, दवाखान्यात, नाहीतर एखाद्या ब्यूरोच्या मावशींबरोबर घालवाल का? सरकारला जे सांगायचं ते आपण सांगत राहूच. पण पुढच्या रविवारी मी ज्या गावाला जाणार आहे तिथली एएनएम मुलगी नवी आहे, एकटी आहे. बाईंचं घड्याळ माझ्याकडे नाही, पण माझ्या घड्याळालाही सेकंदकाटा आहे. मी ते तिच्या हातात देणार आहे.